दशमीची भरती

जांभ्या दगडाच्या पाच पायऱ्या खाडीत उतरतात. खालच्या दोन बुडाल्यात, तिसरीला पाणी लागायचं आहे. आबा वरच्या पायरीवर उकिडवे बसून बॅटरीचा झोत पाण्यावर धरतात आणि मागे न वळता म्हणतात, "तिसऱ्या पायरेर पाणी इला काय टाकूया. बोलायचा तर बोला, पण पाय आपटू नकात. माशाक पायांचो आवाज आधी कळता."

सहा वाजून गेलेत, उजाडायला अवकाश आहे. मार्गशीर्षातला गारवा पाण्यावरून येतो आणि स्वेटरच्या बाह्यांत शिरतो. चार मुलं पायऱ्यांवर दाटीवाटीने बसली आहेत: माझी मुक्ता, समीर-अनघाचे ईशान आणि सई, विजय-रेश्माचा ओम. एरवी शाळेसाठी उठवताना ज्यांना तीन-तीन हाका माराव्या लागतात, ती आज आमच्या आधी तंबूतून बाहेर पडली. माझा नवरा हेमंत अजून आत आहे, त्याच्या तंबूची चेन उघडल्याचा आवाज येतो आणि आबा तिकडे बघतात. कॉलेजपासूनचे आम्ही मित्र. संसार तीन झाले तरी बाहेर पडायचं ते एकत्रच, आणि शक्यतो छताबाहेर.

हे मालवण तालुक्यातलं मसुरं. गडनदी सह्याद्रीतून निघते, कणकवलीवरून खाली येते आणि इथे तिची कालावलची खाडी होते. या काठाला भरतगड, पलीकडे बांदिवड्याच्या बाजूला भगवंतगड. दोन्ही गड खाडीच्या दोन तीरांवर समोरासमोर उभे. आत्ता पलीकडचा डोंगर नुसता काळा आकार आहे, त्याच्या पायथ्याशी एक दिवा लुकलुकतोय. आबा विजयचे मामा. जमीन त्यांची, काठही त्यांचा, त्यामुळे तंबू कुठे ठोकायचे हेही त्यांनीच ठरवलंय. समीरला माडांच्या बागेतली सपाट जागा आवडली होती. आबांनी नुसती मान वर केली. सगळ्यांनी माडाच्या शेंड्याकडे पाहिलं, तिथे नारळांचे घोस आणि एक वाळून लोंबणारी झावळ. तंबू मग भातकापणी झालेल्या कुणग्यात उभे राहिले. खाली पेंढा पसरला, बांधाच्या आडोशाने वारा अडला. जागेची पारख तिथल्या माणसाला विचारावी, हे मी प्रत्येक शिबिरप्रेमी कुटुंबाला हात जोडून सांगेन. जाहिरातीतला तंबू नेहमी पाण्याच्या अगदी कडेला असतो. खाडीकाठी ती कडा रात्रीतून दोनदा जागा बदलते.

"आज तिथी खयची?" आबा विचारतात.

"वद्य दशमी," ओम सांगतो. कालनिर्णय त्याने रात्रीच पाहून ठेवलंय.

"धाची पाऊणपट?"

"साडेसात!" मुक्ताचा पाढा तयार.

"मगे साडेसाताक पाणी भरतला. सकाळी पण, सांजचा पण."

कोकणात हा हिशेब घराघरात चालतो. पौर्णिमेला आणि अमावास्येला पूर्ण भरती बाराच्या आसपास. तिथून पुढे चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशीर करतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. म्हणून तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते. परवाच्या अष्टमीला भांग होता, पाण्याला ओढ नव्हती. आता ते रोज थोडं थोडं अंग धरील आणि अमावास्येला उधाण येईल. विजयच्या मोबाइलमध्ये भरतीच्या वेळा मिनिटासकट आहेत, पण त्या मालवण बंदराच्या. समुद्र मुखातून आत शिरून इथवर चढायला आणखी वेळ घेतो. किती, ते आबांना पायरी सांगते.

पाणी तिसरीला लागतं.

आबांची हातगरी म्हणजे वीतभर लांबीचं लाकडी फळकूट. त्याच्यावर तंगूस गुंडाळलेला, टोकाला शिशाचा तुकडा, त्याच्या वर चार बोटांच्या अंतराने दोन गऱ्या. रेश्मा चुलीजवळ बसून सुंगटं सोलते. सोललेल्या सुंगटाचा नखाएवढा तुकडा आबा गरीत ओवतात तो असा, की गरीचं टोक आत दडतं आणि आमिष वाकलेलं दिसत नाही. "सरळ सुंगट मेलेला. वळलेला म्हणजे जिता," मुलं एकदम म्हणतात. आबा हसून मान हलवतात: उलटं. पाण्यात पोहणारं सुंगट सरळ असतं. ईशान आपला तुकडा काढून पुन्हा ओवतो.

मग आबा उभे राहतात, शिसं हवेत दोनदा फिरवतात आणि सोडतात. तंगूस सळसळत सुटतो. पलीकडे, काठाला वाकलेल्या कांदळाच्या मुळांपासून हातभर अलीकडे 'टुबुक्' होतं. आता तंगूस त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर आडवा, किंचित ताणलेला.

"बाय, हय ये." ते मुक्ताचं बोट धरून तंगूसाखाली सरकवतात. "डोळे मिट. काय कळता?"

मुक्ता डोळे मिटते. तिच्या भुवया जवळ येतात. "पाणी ओढतंय," ती म्हणते. थोड्या वेळाने: "आता काहीतरी घासलं." मग एकदम डोळे उघडून, "टक् टक् झालं!"

"ता केंड. थांब."

समीरने रॉड आणि रील आणलंय, पुण्याहून नीट कापडी पिशवीत घालून. आबा रॉड हातात घेऊन वाकवून बघतात, रीलची मूठ फिरवतात, आतले दात कसे बसलेत ते समीरकडून समजून घेतात. दोघांची त्यावर बराच वेळ चर्चा होते. रॉडने लांब टाकता येतं, मोठा मासा थकवता येतो. पण इथे या घटकेला मासा लांब नाही. भरतीचं पाणी कांदळाच्या मुळांत शिरतं, त्या पाण्याबरोबर लहान झिंगे, किडे, मुळांवरचं शेवाळ हे सगळं खायला मासा काठाशी येतो, आणि ओहोटी लागली की आल्या वाटेने परत जातो. त्याच्या वाटेवर बसायचं. समीर रील आवळून रॉड ओमच्या हातात देतो, शिसं बदलतो आणि दोघं पायऱ्यांच्या खालच्या अंगाला, प्रवाह मोकळा आहे तिथे जाऊन उभे राहतात.

सात वाजतात. भगवंतगडाच्या माथ्यावर उजेड येतो. खाडीवर धुकं नाही, पण पाण्यातून वाफेचा पातळ पदर निघतोय. एक खंड्या 'किर्र' करत या काठावरून त्या काठावर जातो. मुलांना हे ऐकायला-बघायला सांगावं लागत नाही. हातात गरी असली की मूल पाण्याकडे बघतंच, आणि पाण्याकडे बघणाऱ्याला बाकीचं आपोआप दिसू लागतं. मला या साऱ्या प्रपंचात सर्वात मोलाची वाटते ती हीच घटका: काही घडत नाही आणि कुणी कंटाळलेलं नाही.

पहिला मासा ईशानला लागतो. तो ओरडतो, ओढतो, आणि पायरीवर येऊन पडतो एक केंड. लांबी ईशानच्या तळहाताएवढी. पाठ हिरवट-करडी, त्यावर ठिपके, पोट पांढरं. आबा ओल्या फडक्यात धरून गरी सोडवतात, तेवढ्यात केंड हवा गिळायला लागतो. पोट फुगतं, आणखी फुगतं, कातडी ताणून चमकते आणि त्यावरचे बारीक काटे उभे राहतात. सई पुढे सरकते. आबा त्याचं तोंड तिच्याकडे वळवतात. ओठांच्या आत वर दोन, खाली दोन असे चारच रुंद दात, चिमट्याच्या पात्यांसारखे. याच दातांनी तो तंगूस तोडतो, जाळी फाडतो, कुर्लीचं कवच फोडतो.

"खायचा का हा?" सई विचारते.

"कधीच नाय," आबा या वेळी आवाज चढवून सांगतात. केंडाच्या अंगात विष असतं, ते शिजवूनही जात नाही. गरीला आलेली प्रत्येक गोष्ट ताटातली नाही, हे मुलांना पहिल्याच माशाने कळतं. केंड पाण्यात सोडतात. तो घटकाभर पोट वर करून तरंगतो, मग फुस्सकन हवा सोडतो आणि बुडी मारतो. मुलं टाळ्या वाजवतात आणि आबा पुन्हा 'पाय, पाय' म्हणतात.

मग काळुंदरं येऊ लागतात. त्यांचं तोंड लहान, म्हणून गरी बारीक आणि आमिष कणकेची गोळी. आबा मुक्ताला अशी वेगळी गरी देतात. तिच्या बोटाला टकटक कळते, ती ओढत नाही. पुन्हा टकटक. "आता," आबा कुजबुजतात. ती मनगट झटकते. चपटा, बशीएवढा मासा पाण्यातून वर येतो. अंगावर उभे काळपट पट्टे, खवल्याखवल्यावर मोत्याचा ठिपका. तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. माझ्याकडे बघते, मासा वर धरते. केरळात हाच मासा करीमीन म्हणून ताटात मानाने येतो, २०१० साली त्या राज्याने त्याला राज्यमासा केलं. काळुंदराची जोडी आपली अंडी आणि पिल्लं मिळून राखते. नर आणि मादी दोघंही. म्हणून आबा एका जागी तीन-चार काळुंदरं मिळाली की गरी उचलून दहा पावलं पुढे जातात. कुणी विचारलं तर म्हणतात, "थयसर बस झाला."

ओमच्या रॉडला तांबोशी लागते. छोटी, जेमतेम वीतभर. तांबूस अंग, उन्हात तर तांब्याचं भांडं घासून ठेवावं तशी झळकते. ओमचा चेहरा उजळलाय. आबा वीत लावून बघतात. मग फोटो काढायला सांगतात, आणि फोटो झाल्यावर, "सोड तिका. अजून धाकटी आसा."

ओम हलत नाही. त्याने तासभर वाट पाहिली आहे. विजय काही बोलत नाही, आम्हीही नाही. आबा पायरीवर त्याच्या शेजारी बसतात. तांबोशीचं बालपण खाडीत, या मुळांच्या जाळीत जातं. मोठा मासा आत शिरू शकत नाही अशा जागी ती वाढते. मग बाहेर पडते, समुद्रातल्या खडकांत जाते, तिथे तिची पुढची पिढी होते. इथे वीतभराची मारली, तर बाहेर काय जाणार? आबा हे सगळं मालवणीत सांगतात, हातवारे करून, मुळं म्हणून आपल्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून. ओम ऐकतो. मग स्वतः पाण्यात दोन पायऱ्या उतरतो, मासा दोन्ही ओल्या हातांत धरून प्रवाहाकडे तोंड करून ठेवतो. कल्ले दोनदा उघडमिट करतात, शेपूट हलते, हात रिकामे.

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडू नये, विकू नये. नियम चांगला आहे आणि तो मोठ्या जाळ्यांना लागू व्हायला हवा, कारण खरं नुकसान तिथे होतं. पण ओमच्या हातातून जे गेलं ते कुठल्याही परिपत्रकाने शिकवता आलं नसतं. माझं या सहलींवर प्रेम आहे ते यासाठी. मुलांनी मासे पकडावेत, आणि कुठला मासा आपला नाही हेही हातानेच शिकावं.

आठ वाजून गेल्यावर पाणी थबकतं. चौथ्या पायरीच्या कडेला आलेली वाळकी काडी ना आत जाते ना बाहेर. मग हळूच समुद्राच्या दिशेने वळते. आणखी तासाभराने आबा तंगूस गुंडाळतात. आम्ही उकड्या तांदळाची पेज, खोबऱ्याची चटणी आणि भाजलेला सुका बांगडा खातो, मुलं पेंढ्यावर लोळतात, आणि दुपारपर्यंतचा वेळ असाच जातो.

दीडच्या सुमाराला खाडी ओळखू येत नाही. पाणी मधोमध आक्रसलंय, दोन्ही बाजूंना ओली वाळू आणि चिखल उघडा पडलाय. माई, म्हणजे आबांची बायको, शेजारच्या दोन बायकांबरोबर लुगड्याचा काचा मारून पाण्यात उतरते. कमरेला पाटी बांधलेली. अनघा, रेश्मा, मी आणि मुलं मागोमाग. मुलांच्या पायांत जुने बूट आहेत, तसा माईचा हुकूम. काठाच्या दगडांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड पात्याला हार जात नाही.

माई गुडघाभर पाण्यात उभी राहते आणि बूट-चप्पल काही न घालता पायाची बोटं वाळूत फिरवते. ती समोर बघून बोलत असते, आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरली की नाही, मुंबईचा लेक तेव्हा येणार की नाही. आणि बोलता बोलता वाकते, कोपरापर्यंत हात घालते आणि मूठभर तिसरे काढून पाटीत टाकते. भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तारीख नसते, देवीचा कौल होईल तेव्हा ती कळते, आणि साऱ्या मुंबईच्या गाड्यांची आरक्षणं तिच्यावर अडून असतात. माईला तिसरे आणि तारीख दोन्हींचा ठाव एकाच वेळी घ्यायचा असतो.

मी बोटं फिरवते. वाळू, वाळू, एक खडा, वाळू. मग काहीतरी गुळगुळीत, कडेला किंचित धार असलेलं. वाकून काढते. तिसरा. शिंपल्यावर तपकिरी रेघा, एकामागे एक, बाहेरची रेघ सर्वात मोठी. तो हातात असताना शिंपल्याची फट क्षणभर उघडते, आतून पांढरी जीभ डोकावते आणि फट गच्च मिटते. मुक्ता तो माझ्या हातातून घेते आणि पुन्हा उघडायची वाट बघते.

"हो नको. नखाएवढो आसा," माई सईच्या हातातला लहान तिसरा घेऊन परत वाळूत दाबते. टाकत नाही, दाबते. सई पुढचे सगळे लहान तिसरे तसेच अंगठ्याने वाळूत रोवत राहते.

अनघा विचारते, पूर्वी जास्त मिळायचे का. माई पाटी कमरेवर सरकवते. "वरच्या अंगाक मिळत. आता थय वाळू काढतत. तळ खरवडलो काय तिसरे बसतले खय?" तिसरा वाळूत रुततो, तिथेच वाढतो, दोन नळ्या वर काढून पाणी आत-बाहेर करतो आणि त्या पाण्यातलं अन्न गाळून खातो. त्याला पळता येत नाही. त्याच्या खालची वाळू गेली की त्याचं घर गेलं. बांधकामाला वाळू लागते हे खरं, आम्ही राहतो त्या इमारतीतही कुठल्या तरी नदीची वाळू आहे. पण या गुडघाभर पाण्यात उभं राहून, पायाखाली बोटं फिरवणाऱ्या तीन बायकांच्या पाट्या निम्म्याच भरलेल्या बघताना मला राग येतो आणि तो यावाच असं वाटतं. माई मात्र रागवत नाही. ती आणखी वीस पावलं खाली सरकते.

चारला पाणी पुन्हा चढणीला लागतं. आबा होडी काढतात. मुलांना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय ते वल्ह्याला हात लावत नाहीत; खाडी शांत आहे, ओम पोहणारा आहे, या कुठल्याच सबबी चालत नाहीत. होडी कांदळांत शिरते. ईशान पाण्यावर तरंगणारी एक लांब हिरवी शेंग उचलतो. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, त्याचा असा दांडा होतो, मग तो झाडावरून गळतो आणि चिखलात उभा रुततो किंवा भरतीबरोबर दुसरीकडे जाऊन लागतो. आबा ती शेंग ईशानला काठाच्या चिखलात टोचायला लावतात. पलीकडे चिप्पीच्या फांद्यांवर कळ्या टपोऱ्या झाल्यात. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष. तिचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळपर्यंत झडून जातं, त्यामुळे दिवसा सहलीला येऊन परतणाऱ्याला ते दिसतच नाही.

एका मुळाला तंगूसाचा गुंता अडकलाय. मूठभर, हिरवट, शेवाळ धरलेला, आत एक गंजकी गरी. आबा वल्हं थांबवून तो सोडवतात. त्यात एक पीस आहे. खंड्याचं असावं, निळं. आबा काही बोलत नाहीत. गुंता होडीतल्या डब्यात टाकतात. तंगूस पाण्यात कुजत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि गळ टाकणाऱ्या माणसाने मागे सोडलेला तुकडा त्याच्या पश्चातही मासे आणि पाखरं धरत राहतो. सकाळी कापलेले सगळे तुकडे मुक्ताने एका बाटलीत भरलेत. ती बाटली खिशातून काढून आबांना दाखवते.

साडेसहाला सूर्य खाली गेलाय आणि आम्ही पुन्हा पायऱ्यांवर. या वेळी अनघा हातगरी मागून घेते. दिवसभर तिने गरीला हात लावलेला नाही, मुलांच्या मागेच होती. आबा तिला मोठी गरी देतात, आमिषाला अख्खं सुंगट. तिची पहिली फेक जवळच पडते, दुसरी मुळांपाशी. ती तंगूस बोटावर घेते.

बराच वेळ काही नाही. अंधार दाटतो. माई घराच्या ओट्यावरून दिवा लावल्याचं ओरडून सांगते.

मग अनघाचा हात पुढे खेचला जातो. टकटक नाही, घासणं नाही, सरळ ओढ. तंगूस बोटातून सुटत जातो, फळकूट पायरीवर खडखडत गरगर फिरतं.

"ढिलो सोड! ढिलो सोड!" आबा उठून तिच्या मागे येतात, पण तंगूसाला हात लावत नाहीत. "मुळांत जाव देव नको. उजवीकडे हो. आता ओढ. आता थांब."

अनघा दोन पायऱ्या खाली, घोट्यापर्यंत पाण्यात. समीर तिच्या कमरेला धरतो. तंगूस ताठ झालाय, त्याच्यावरून पाण्याचे थेंब उडतात. बोटावर लाल रेघ उमटलीय. मी ओढणीचं टोक तिच्या मुठीत सरकवते, ती ते बोटाभोवती गुंडाळून घेते. मासा मुळांकडे धावतो, ती उजवीकडे सरकते, मासा वळतो. मुलं ओरडतायत, आता कुणी त्यांना पाय आपटू नका म्हणत नाही. दोन वाव तंगूस आत, एक वाव बाहेर. मग पाण्यावर रुंद तांबडी पाठ फिरते, बॅटरीच्या झोतात लखकन चमकते, पुन्हा बुडते.

आबा झेला घेऊन पाण्यात उतरतात. पहिल्यांदा चुकतं. दुसऱ्यांदा मासा झेल्यात.

तांबोशी. दोन किलोला थोडी कमी असेल. जबड्यात पुढे सुळे, पाठीचा पर उभा, डोळा मोठा आणि काळाभोर. आबा तिला तडफडू देत नाहीत. सुरीचं टोक डोक्यामागे एकदाच जोरात, आणि सगळं थांबतं. मासा मारायचा तर लगेच मारायचा, त्याला पायरीवर गुदमरत ठेवायचं नाही, हे ते सकाळीच मुलांना सांगून बसलेत.

सई आईच्या ओल्या सलवारीला धरून उभी आहे. "त्याला दुखलं?"

अनघाचा श्वास अजून खाली बसलेला नाही. ती बोटावरची ओढणी सोडवते. "हो, सई. दुखलं असणार."

सई विचार करते. मग पायरीवर बसून माशाच्या अंगावर हात फिरवते, शेपटीपासून डोक्याकडे, खवले उलटे फिरतात तसं, आणि लगेच हात काढून डोक्यापासून शेपटीकडे फिरवते. मी तिला तिथून उठवत नाही. ताटात येणारा जीव कुठून येतो हे मुलांपासून झाकायचं नाही, यावर आमचं तिन्ही घरांचं एकमत आहे. ती आज रात्री मासा खाईल किंवा खाणार नाही. दोन्ही चालेल.

कुणग्यात चूल पेटते. तीन दगड, खाली नारळाची सोडणं, वर करवंट्या. निखारा धगधगीत पडतो. माई मासा पायरीवरच साफ करते, आतडी-खवले ओहोटीला जातील म्हणून खाडीत, कारण ते खाडीचंच आहे; कांद्या-लसणीच्या साली मात्र परसातल्या खड्ड्यात. तांबोशीचं डोकं आणि शेपूट आमटीला, मधल्या तुकड्या मीठ, हळद, मिरची आणि आगळ लावून तव्यावर. काळुंदरं केळीच्या पानात बांधून थेट निखाऱ्यावर. तिसरे दुपारीच खाऱ्या पाण्यात ठेवून वाळू ओकवली, मग आडाळ्यावर उघडले. मांसाची शिंपी ठेवायची, रिकामी टाकायची. आता ते ओल्या खोबऱ्यात सुके होतायत. तांदळाच्या भाकऱ्या रेश्मा थापते, भिरंडाच्या सोलांची कढी मी ढवळते. पुरुषांकडे भांडी आहेत आणि ती ते मुकाट घासतायत.

मुलं बॅटरी घेऊन ओहोळात कुर्ल्या शोधायला गेलीत, आबा आणि विजय बरोबर. काळोखी रात्र, अमावास्या जवळ. कुर्ली या दिवसांत भरलेली असते आणि चांदण्यात पोकळ, असं इथे सारे मानतात. ओहोळाकडून ओरडा ऐकू येतो, मग हसणं, मग पुन्हा ओरडा. माडांच्या वर मृग नक्षत्र चढलंय, चांदण्यांनी आकाशाची कुठलीच जागा सोडलेली नाही. परत येतात तेव्हा कुर्ल्या दोनच, आणि ओमच्या बुटात चिखल नडगीपर्यंत.

पानं वाढली जातात. कांदा, लिंबू, भाकरी, तिसरे, तांबोशीची एकेक तुकडी. सई आपल्या पानातल्या तुकडीकडे बघते, बोटाने एक कण काढून तोंडात टाकते, आणि मग दुसरा. कुणी तिच्याकडे मुद्दाम बघत नाही. केळीचं पान उघडल्यावर काळुंदराचा वास सगळ्या कुणग्यात पसरतो. बोलणं थांबतं.

समीरचं लक्ष घड्याळाकडे जातं. "माई, अकरा वाजायला आले. उद्या एकादशी ना? बारानंतर खायचं नाही. आटपायला हवं आम्हाला."

माईच्या हातात आमटीची वाटी आहे. ती समीरच्या भातावर डाव रिकामा करते, त्यात डोक्याचा मोठा तुकडा आहे, आणि मग अनघाच्या पानाकडे वळते.

"घड्याळाचा काय मनार घेतंस? एकादशी सूर्य उगवल्यार. तवसर दशमीच आसा. घे, भात घे."

विजय पान पुढे करतो. हेमंतही. मुक्ता झोपेने डुलतेय, तरी तिचंही पान पुढे सरकतं.